ट्विटरवर आधी लिस्ट कर

नवं खातं उघडलंस ना, मग पहिले पंधरा दिवस काही लिहूच नकोस. एक्सवर (माझ्या तोंडी अजून ट्विटरच) एक खासगी लिस्ट कर, म्हणजे फक्त निवडलेल्या खात्यांच्या पोस्ट दाखवणारी यादी: मध्य रेल्वे, हवामान खात्याचं मुंबई केंद्र, महापालिका, वाहतूक पोलीस. फॉलो न करताही खाती लिस्टमध्ये टाकता येतात, आणि त्यांना कळतही नाही. जुलैत घरातून निघण्याआधी तेवढीच उघडायची. बाकीची भांडणं मध्ये येत नाहीत.

निळी टिक आता पैसे भरून मिळते, सरकारी खात्याला करडी असते, खातं खरं आहे का ते ठरवताना तेवढं बघ.

गाडीतली तक्रार रेल्वेसेवाला (रेल्वेचं तक्रारींचं खातं) टाकताना गाडी क्रमांक, डबा, फोटो दे. पीएनआर आणि मोबाईल नंबर मात्र खासगी मेसेजमध्येच. चारचौघांत टाकलास, तर आधी फोन भामट्यांचा येईल!