स्पीकरच्या पेटीला वूफरचं (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरचं) भोक जिगसॉने (हातात धरायच्या विजेच्या करवतीने) वाकडंतिकडं येतं. घरी बनवलेला जिग (हत्याराला नेमक्या वाटेने फिरवणारा साचा) चालेल का?

मस्त चालेल, फक्त जिगसॉऐवजी राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) घ्या. ६ मिमी प्लायची पट्टी राउटरच्या तळाला स्क्रूने बसवा आणि तिच्या दुसऱ्या टोकातून वर्तुळाच्या केंद्रावर खिळा मारा, म्हणजे राउटर त्याभोवती गोल फिरेल. खिळ्यापासून बिटच्या (राउटरच्या फिरत्या पात्याच्या) बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे भोकाची त्रिज्या. आधी टाकाऊ एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीवर) वर्तुळ कापून वूफर बसतो का बघा.

खऱ्या फळीवर वूफरच्या कडेची उथळ खाच आधी, आरपार भोक नंतर. उलट केलंत तर मधला तुकडा गळून पडतो आणि खिळ्याला जागाच उरत नाही! एका फेरीत ३-४ मिमीच खोल जा.

समोरासमोरच्या फळ्या करवतीला ठोकळा अडवून एकाच मापात कापा. चिकटवताना दोन्ही कर्ण सारखे भरले की पेटी काटकोनात आली. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क लावाच.