पावसाचा अंदाज एजंटला समजावून सांगण्याचं काम

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातली आहे, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला. घरी द्राक्षबाग आहे. एका छोट्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. बरोबरच्या मुलांना कोडिंग दिलं आणि मला हवामान अंदाजाच्या टूलचं डॉक्युमेंटेशन (ते कसं वापरायचं याची माहिती) लिहायला सांगितलं, तेही एआय एजंटसाठी, म्हणजे माणसाचा प्रश्न समजून घेऊन स्वतःच अशी टूल वापरणाऱ्या एआय प्रोग्रॅमसाठी. वडील म्हणतात, एवढं शिकून कारकुनीच करायची होती का? काम बदलून मागू का?

उत्तर : मागू नकोस, निदान इतक्यात तरी नाही. तुझ्या हातात आलेलं काम तुझ्या घरच्यांना वाटतं त्याहून फार जबाबदारीचं आहे, आणि ते करायला तुझ्यासारखी बागायतदाराची मुलगी मिळाली हे त्या कंपनीचं नशीब.

प्रोग्रॅमर माणसासाठी लिहिलेली माहिती अपुरी असली तर तो कोड उघडून बघतो, शेजारच्याला विचारतो. एजंटला तसं करता येत नाही. शेतकऱ्याचा प्रश्न आला की टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि पॅरामीटरची, म्हणजे टूलला काय काय पुरवायचं याची, माहिती वाचून तो ठरवतो, हे टूल वापरायचं का, कोणते आकडे पाठवायचे आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा. म्हणजे तू लिहिलेली चार वाक्यं त्या प्रोग्रॅमचाच भाग आहेत. ती चुकली तर कोड बिनचूक असूनही उत्तर चुकतं.

पुण्याचं उदाहरण घे. अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. एजंटने हे उलटसुलट पाठवले तर काय होईल? दोन्ही आकडे नियमात बसतात, त्यामुळे कसलीही एरर येणार नाही. नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रातला अंदाज मात्र पुण्याचा म्हणून येईल. वर्णनात ‘आधी अक्षांश, भारतात तो साधारण ६ ते ३८ च्या दरम्यान असतो’ एवढं एक वाक्य घातलंस तर ही चूक बहुतेक वेळा टळते.

वेळेचं दुखणं याहून मोठं. ओपन-मेटिओसारख्या हवामानाचे आकडे पुरवणाऱ्या ऑनलाइन सेवेला टाइमझोन सांगितला नाही तर ती ग्रीनिचच्या वेळेनुसार तासावार आकडे देते. तुझे वडील विचारणार, ‘संध्याकाळी पाचला फवारणी घेऊ का?’ एजंट १७:०० ची ओळ वाचणार, आणि ती ओळ असणार आपल्याकडच्या रात्री साडेदहाची. मधल्या साडेपाच तासांत सर आली तर औषध धुऊन जातं. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या दिवसांत वाया गेलेली एक फवारणी म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर हे काम तुझ्याकडेच राहावं असं मला मनापासून वाटतं.

शब्दांचंही तसंच आहे. भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिमी ते ११५.५ मिमी पाऊस पडला तर त्याला मुसळधार म्हणतो, आणि त्याचे हे २४ तास सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंतचे असतात. टूलच्या हवामान-कोडमधला (हवामान कसं आहे हे सांगणाऱ्या ठरावीक क्रमांकांमधला) ‘जोराचा पाऊस’ मात्र त्या त्या तासातल्या पावसाच्या तीव्रतेबद्दल असतो. एजंटने दोन्हींना मुसळधार म्हटलं तर ऐकणारा उगाच घाबरेल किंवा गाफील राहील. ‘हा आकडा तासाचा आहे, तो मिलिमीटरमध्येच सांग, हवामान विभागाचा इशारा म्हणून सांगू नकोस’ असं तुलाच लिहावं लागेल.

टूल कुठे वापरायचं नाही, हेही लिही; नवखे लेखक नेमकं तेच विसरतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. टूल एजंटला जोडायची ही एक सामायिक पद्धत. तिच्या शिकाऊ धड्यातलं उदाहरणही हवामानाचंच आहे : एक टूल इशारे देतं, दुसरं अंदाज. ते नक्की करून बघ. पण त्यामागची माहिती अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची आहे, निफाडचा अंदाज तिथून मिळायचा नाही. तुझ्या टूललाही अशा हद्दी असतील. किती दिवस पुढचं सांगतं? गावाचं नाव चालतं का? पिंपळगावं महाराष्ट्रात किती आहेत! तेव्हा ‘तालुका-जिल्हा कळला नसेल तर आधी विचार’ ही सूचना हवीच. आणि आकडा आलाच नाही तर त्याचा अर्थ शून्य पाऊस असा नाही, हे ठळकपणे सांग. सगळं थोडक्यात लिही, कारण वर्णन एजंटच्या प्रत्येक संभाषणात जागा घेतं.

आता करिअरचं. नुसत्या लेखनावर विसंबून राहा असं मी तुला सांगणार नाही. पहिला मसुदा आज एआय मॉडेलही लिहून देतं. तो मसुदा खरा उतरतो का, हे तपासणाऱ्या माणसाला किंमत आहे. म्हणून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, माहितीचा साचा ठरवणारं जेसन स्कीमा, वेबसेवांचं वर्णन लिहायची ओपनएपीआय पद्धत आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट या चार गोष्टी या सहा महिन्यांत हातात बसव. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे मोफत अभ्यासक्रम आहेत, ते सुट्टीत सहज होतील. पुढे टेक्निकल रायटर, डॉक्युमेंटेशन इंजिनिअर किंवा एजंटची चाचणी घेणारी इंजिनिअर, अशा वाटा निघतात. यातल्या तिसऱ्या वाटेकडे माझा कल आहे, कारण तिथे तुझं कोडिंगही गंजत नाही.

कोडिंग मागायचंच असेल तर याच कामातून माग. खरे वाटतील असे तीस प्रश्न तयार कर आणि जुन्या वर्णनावर एजंटकडून चालवून घे. प्रत्येक वेळी त्याने कोणतं टूल निवडलं, काय पाठवलं, काय उत्तर दिलं, याची नोंद ठेव. मग वर्णन सुधार आणि तेच प्रश्न पुन्हा चालव. हे आपोआप चालवणारी स्क्रिप्ट तूच लिही. आधीचे-नंतरचे निकाल समोर ठेवलेस की तुझ्या कामाला कारकुनी कोणी म्हणणार नाही, आणि पुढच्या मुलाखतीतही तेच दाखवता येतील.

त्या तीसपैकी पहिले दहा प्रश्न वडिलांकडूनच घे. आज रात्री त्यांच्याजवळ बस आणि पावसाबद्दल ते ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत उतरवून घे. त्यांची भाषा सुधारू नकोस.