गर्डर, ट्रॉली आणि चेन पुली

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये 4 मीटर गाळ्यावर (दोन टेकूंमधलं अंतर) 200 मिमीचा आयएसएमबी (इंग्रजी I अक्षराच्या आकाराचा भारतीय मानकाचा) गर्डर टाकलाय. त्यावर ट्रॉली लावून 1 टनाची चेन पुली चालेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : गर्डरपुरतं बोलायचं तर चालेल. भार बरोबर मध्यावर आला तरी वाक जेमतेम 3 मिमी. 8 मिमीपर्यंत चालतो. खरी धास्ती टेकूंची. नुसत्या विटांवर टेकवला असेल तर खाली काँक्रीटचा बेडब्लॉक (भार विटांवर पसरवणारा ठोकळा) हवाच, आणि ते इंजिनिअरला दाखवूनच घ्या.

माल तिरका ओढू नका. हा गर्डर उभ्यापेक्षा आडव्या दिशेला सुमारे 15 पट लवचिक असतो. पिळतो तो तिथेच.

आयएसएमबीची फ्लँज (गर्डरची आडवी पट्टी, जिच्यावर ट्रॉली चालते) आतून उतरती असते, म्हणून ट्रॉलीची चाकंही उतरत्या कडेची घ्या. सपाट चाक एकाच रेघेवर टेकतं, फ्लँज घासते. चाकाची कड आणि फ्लँज यांत दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी फट राहील असे वॉशर घाला. टोकांना बोल्टचे स्टॉपर लावा. वेल्डिंगचा ठिपका स्टॉपर नव्हे.