इंटरनेट चालते, मग कॉल का लागत नाही?

प्रश्न : माझे आईबाबा पुण्याहून मेलबर्नला आमच्याकडे आले आहेत. बाबांच्या जुन्या फोर-जी फोनमध्ये इथले सिमकार्ड घातले. व्हॉट्सॲप व्यवस्थित चालते, मात्र साधा कॉल लागत नाही. फोन बिघडला असेल का?

उत्तर : बहुधा नाही. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या मोबाइल कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियातले थ्री-जी नेटवर्क बंद केले. व्होडाफोनने ते त्याआधीच केले होते. जुने अनेक फोर-जी फोन इंटरनेट फोर-जीवर चालवतात, पण कॉल करताना थ्री-जीवर उतरतात. नंबर फिरवताच पडद्यावरचे ‘४जी’ जाऊन ‘एच’ ही थ्री-जीची खूण उमटलेली आपण पाहिले असेल. ती खालची पायरीच आता उरलेली नाही. कॉल फोर-जीवरूनच करण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, फोनमध्ये असावी लागते आणि तिथल्या कंपनीने ते मॉडेल स्वीकारलेले असावे लागते. त्यामुळे पुण्यात व्होल्टेवर बोलणारा फोन मेलबर्नमध्ये मुका राहू शकतो.

मला खरी काळजी वाटते ती ००० या आपत्कालीन क्रमांकाची. काही फोन साधे कॉल फोर-जीवर करतात, पण हा एक कॉल मात्र थ्री-जीवरच शोधतात. म्हणूनच असे फोन नेटवर्कवरून बंद करण्याचे बंधन तिथल्या कंपन्यांवर आहे. *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कंपनीला कळवून खात्री करून घ्या, आणि तोवर बाबा एकटे फिरायला निघाले तर तुमचा एखादा चालणारा फोन त्यांच्या खिशात असू द्या.