फळ त्याचं, गौरवही त्याचंच

बाप्तिस्मा झाला म्हणजे स्वभाव एका रात्रीत पालटला, असं धरून चालू नकोस. ख्रिस्तामुळे देवाने तुला नीतिमान ठरवलं ते एकदाच. त्यात वाढणं मात्र रोजचं. फिलिप्पैकरांस पत्र १:११ सावकाश वाच. नीतिमत्त्वाचं फळ येशू ख्रिस्ताच्या द्वारे येतं आणि ते देवाच्या गौरवासाठी असतं, असं प्रेषित पौल त्यात लिहितो.

आपण नाशिकची माणसं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि आपल्याला तिच्या फांद्या म्हणतो. तो अध्याय आपल्याला बागेत उभं राहूनच कळतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबाग पार ओकीबोकी दिसते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड धरतात. पण वेलीपासून तुटलेल्या काडीला काय येणार? तुझा राग, सहज तोंडी येणारं खोटं, धंद्यातलं मापातलं पाप देव छाटेल तेव्हा दुखेल. दुखू दे, पण प्रार्थना सोडू नकोस.

श्रेयाचं जरा जास्त सांगतो, कारण चांगली माणसं तिथेच घसरतात. कुणी म्हणालं, ‘दारू सोडलीस, कमाल केलीस!’ तर खूश होऊन गप्प बसू नकोस. ‘मी काहीच केलं नाही’ अशी खोटी नम्रताही नको. पौलाने इतरांपेक्षा अधिक श्रम केले, तसं लिहिलंही, आणि लगेच ते देवाच्या कृपेचं काम म्हटलं (१ करिंथ १५:१०). तूही सरळ सांग, प्रभूने सोडवलं. रविवारी मंडळीसमोर आपल्या बदलाची साक्ष देताना आधीच्या पापांचं वर्णन आटोपतं घे. त्याने काय केलं ते नीट, सविस्तर सांग.