यारीची जुनी मोटर विंच: किती वजन लावायचं, आणि त्याआधी काय बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. एका यारीवाल्याकडून (यारी म्हणजे विहिरीतला गाळ-दगड वर काढायचं यंत्र) मोटर, गिअरबॉक्स आणि ड्रम घेतलाय, म्हणजे दोर गुंडाळून वजन ओढणारी विंच. मोटर 3 एचपी थ्री फेज, सोबत 10 एमएमचा वायररोप. पन्नास फुटी विहिरीतला गाळ पावसाळ्याआधी काढायचाय, लागलं तर पंपही वर घ्यायचाय आणि धुऱ्यावरची बाभळीची खोडं ओढायचीत. विचारलंय, "किती वजन लावू, आणि गड्यांना डोलात बसवून खाली सोडलं तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, चालणार नाही. आपल्याकडं विहिरीच्या कामावर माणसं डोलातच, म्हणजे गाळ भरायच्या लोखंडी बादलीतच जातात-येतात, हे मला ठाऊक आहे. पण माल उचलायची विंच आणि माणूस उचलायची विंच या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माणसांच्या विंचला दुसरा स्वतंत्र ब्रेक असतो, दोराची ताकद कितीतरी जास्त धरलेली असते, आणि वीज गेली तरी माणसाला हळूहळू खाली-वर घ्यायची सोय असते. तुमच्याकडं यातलं काही नाही. गड्यांसाठी लोखंडी शिडी पक्की बांधा. अंगावर पूर्ण हार्नेस (खांदे आणि मांड्यांना धरणारे सुरक्षा-पट्टे) आणि त्याचा दोर वेगळ्या खांबाला, विहिरीवर कप्पी टांगायला उभ्या केलेल्या विंचच्या तिपाईला नाही. डोल वर-खाली होत असताना गडी त्याच्या थेट खाली नको. विहिरीचा घेर लहान असेल तर डोल हलायच्या आधी त्यानं शिडीवर चढून बाजूला व्हायचं. काम थोडं सावकाश होईल, होऊ द्या.

आता वजनाचं. मोटरचा हिशोब सांगतो, म्हणजे लक्षात येईल की मोटरकडं बघून वजन का ठरवायचं नाही. 3 एचपी म्हणजे 2.2 किलोवॅट. वर्म गिअरबॉक्समध्ये (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो तो) त्यातला निम्मा घर्षणात गेला असं धरा. दोर मिनिटाला 5 मीटर चालत असेल तर ही मोटर सहज 1,300 किलो ओढेल. तिला तुमची तिपाई, हूक, कप्पी काही दिसत नाही. जे आधी तुटायचं ते तुटेपर्यंत ती ओढत राहील. म्हणून मशीन किती उचलते हे दुय्यम आहे. मोटर बंद झाल्यावर भार कशानं धरलाय, हा पहिला प्रश्न.

बहुतेक जण सांगतात, वर्म गिअर आहे म्हणजे उलटा फिरतच नाही. यावर विसंबू नका. गुणोत्तर मोठं असेल, 50 ला 1 वगैरे, तर तो बऱ्यापैकी अडतो. पण 10 किंवा 20 ला 1 चा गिअर भाराखाली उलटा फिरू शकतो, आणि हादरे बसले तर अडणाराही हळूहळू सरकतो. वेगळा ब्रेक पाहिजेच. तो स्प्रिंगनं दाबला जाणारा आणि विजेनं सुटणारा हवा, म्हणजे वीज गेली की स्प्रिंग आपोआप आवळते. पुष्कळ जुन्या याऱ्यांना हातानं किंवा पायानं ओढायचा पट्टा ब्रेक असतो. तिथं भार माणसाच्या लक्षावर लटकलेला असतो. तसा असेल तर उचलायच्या कामाआधी मोटरच्या मागच्या शाफ्टवर इलेक्ट्रिक ब्रेक बसवून घ्या. तो बसेपर्यंत फक्त जमिनीवरची ओढाओढ करा.

ब्रेक तपासायचा असा. रोज लावणार त्यापेक्षा पाव पट जास्त वजन घ्या, मुरमाची भरलेली पोती चालतात. विहिरीवर नाही, मोकळ्या वावरात. तिपाई उभी करून वजन वीतभर उचला आणि मेन स्विच पाडा, नुसतं बटण सोडू नका. ड्रमच्या कडेवर आणि फ्रेमवर समोरासमोर खडूची एकच रेघ मारा. दहा मिनिटांनी बघा. रेघ जिथल्या तिथं पाहिजे, बोटभरही सरकलेली चालत नाही. मग खाली सोडताना दोन-तीनदा मध्येच थांबवा आणि बटण सुटल्यावर वजन किती घसरतं ते बघा. घसरत असेल तर बहुतेक वेळा ब्रेकच्या पट्ट्यावर गिअरबॉक्सचं तेल झिरपलेलं असतं. ऑइल सील बदला, पट्टाही बदला. तेल प्यालेला पट्टा पुसून कामाचा होत नाही.

आता दोर. 10 एमएमचा नवा, साधा, मध्ये सुताचा गाभा असलेला वायररोप साधारण 5.8 टनाला तुटतो. उचलायच्या कामाला त्याचा पाचवा भागच वापरायचा, म्हणजे 1,100 किलोच्या आसपास. टोकाला क्लिपा (दोराचे दोन पदर आवळणाऱ्या यू-बोल्टच्या पकडी) मारून डोळा, म्हणजे फास, केलेला असेल तर ताकद 80 टक्क्यांवर येते, म्हणजे 900 किलो. हे सगळं नव्या दोराचं. तुमचा जुना आहे.

जुना दोर बघायची आपल्या भागातली उत्तम वस्तू कापूस. घरात कापूस असतोच. मूठभर घ्या, दोर ताण न देता जमिनीवर सोडून द्या, हातात चामडी मोजे घाला आणि कापूस दोरावरून हळूहळू ओढत न्या. जिथं तार तुटलेली आहे तिथं कापसाचा तंतू अडकून पांढरा ठिपका राहतो. मग मागं येऊन ठिपके मोजा. दोराच्या लडीचा (बारीक तारा पिळून केलेला एक पदर) एक पूर्ण वेढा जितक्या लांबीत होतो, तेवढ्या लांबीत मिळून 6 तारा तुटलेल्या किंवा एकाच लडीत 3 तुटलेल्या दिसल्या, तर दोर उचलायच्या कामातून बाद. कुठं पिळा पडून बसलाय, चपटा झालाय, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा फुगलाय किंवा आतून गंजाची भुकटी गळतेय, तर एकही तार तुटलेली नसली तरी बाद. जुना दोर कापून आखूड करून वापरू असं मनात आणू नका. 30 मीटर नवा दोर घ्या. पन्नास फूट खोली, वरची उंची, विंचपर्यंतचं अंतर आणि ड्रमवर कायम राहणारे वेढे धरून तेवढा लागतोच. डोल तळाला टेकला तरी ड्रमवर कमीत कमी 3 पूर्ण वेढे शिल्लक पाहिजेत, मी 5 ठेवायला सांगतो. ड्रमला दोर धरणारा बोल्ट भार घ्यायला नसतो, भार त्या वेढ्यांच्या घर्षणावर असतो.

क्लिपांचं तर लिहायलाच हवं, कारण गावोगावी उलट्या मारलेल्या दिसतात. खोबणीवाला जाड भाग भार घेणाऱ्या दोरावर, यू-बोल्ट कापलेल्या टोकाच्या बाजूनं. सगळ्या क्लिपा एकाच दिशेला. 10 एमएमला कमीत कमी 3 क्लिपा, प्रत्येकीत 6 सेंटीमीटर अंतर, डोळ्यात थिंबल (दोर दबू नये म्हणून आत बसवायची लोखंडी खोबण). पहिला भार उचलून खाली ठेवला की नट पुन्हा आवळा, कारण दोर ताणला की बारीक होतो आणि क्लिप सैल पडते.

तिपाईचं गणित मात्र बहुतेक जण चुकवतात. डोल 200 किलोचा, तर वरच्या कप्पीवर 200 किलोच येतील असं वाटतं. तसं नाही. कप्पीच्या एका बाजूला भार लटकतो, दुसऱ्या बाजूला दोर विंचकडं तेवढ्याच जोरानं ओढत असतो. दोर कप्पीवरून सरळ खाली उतरत असेल तर कप्पीवर 400 किलो येतात. विंचकडं आडवा जात असेल तर 280, आणि तेही तिरके, म्हणजे तिपाई विंचच्या दिशेनं कलंडवणारे. उपाय सोपा आहे. विंचच्या बाजूच्या पायाच्या तळाशी दुसरी कप्पी बांधा. दोर वरून त्या पायाला लागून खाली उतरू द्या आणि मग जमिनीलगत विंचकडं न्या. वरची आडवी ओढ संपते. आता ती ओढ खालच्या कप्पीवर येते, म्हणून त्या पायाला मागून जमिनीत पक्का खुंटा. तिन्ही पाय तळाशी साखळीनं एकमेकांना बांधा, नाहीतर भाराखाली फाकतात. कप्पीचा व्यास 7-8 इंचांच्या खाली नको, लहान कप्पीवर दोर लवकर मरतो. ड्रम फूटभर रुंद असेल तर खालची कप्पी ड्रमपासून 20 फुटांवर आणि बरोबर मध्यासमोर असू द्या. त्याहून जवळ असली की दोर ओळीनं न बसता ढीग करतो. मग कुणीतरी हातानं सरकवायला जातो आणि बोटं ड्रममध्ये जातात. फिरत्या ड्रमवर हात नाही, दुपट्टा नाही, सैल बाही नाही.

विहीर बांधलेली नसेल तर काठाची काळजी वेगळी. आपल्या वावरात वरचे 8-10 फूट काळी माती, उन्हाळ्यात तिला भेगा, आणि वळवाचा एक सडाका पडला की तीच लोण्यासारखी. तिपाईचे पाय जितके मागं नेता येतील तितके न्या, पायांखाली जाड फळ्या टाका. पाऊस पडून गेला की त्या दिवशी काम बंद.

मग डोल किती भरायचा? ओला गाळ लिटरला 1.7 ते 1.8 किलो भरतो. 200 लिटरचा ड्रम अर्धा कापून केलेला डोल काठोकाठ भरला तर गाळच 175 किलो, वर डोलाचं वजन. तुमची विंच, गावात बनवलेली तिपाई आणि नवा दोर धरून मी 200 ते 250 किलोच्या वर जायला सांगणार नाही. अख्खा ड्रम डोल म्हणून लावू नका, तो 350 च्या पुढं जातो. डोल काठापासून चार बोटं रिकामा ठेवा. वर येताना कडेला आपटला की काठोकाठ भरलेल्यातला दगड खाली पडतो, आणि खाली माणूस आहे.

आता वीज. आपल्याकडं डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) दुरुस्ती झाली, केबल बदलली, की फेज उलटे जोडले जाण्याची भीती असते. पंपाच्या बाबतीत पाणी कमी येतं, इतकंच. विंचमध्ये वरचं बटण दाबलं की डोल खाली जातो. गोंधळलेला माणूस खालचं बटण दाबतो आणि डोल वर येतो. पण वरच्या टोकाचा लिमिट स्विच (डोल वर पोचला की मोटर बंद करणारा) "वर"च्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचला तोडतो, आणि चालू असतो "खाली"चा. म्हणजे लिमिट स्विच दाबला जातो तरी मोटर थांबत नाही, डोल थेट कप्पीत घुसतो आणि दोर तुटतो. फेज उलटे झाले की मोटर चालूच होऊ न देणारा फेज प्रिव्हेंटर बसवाच. बसवला असला तरी रोज लाइन आली की रिकामा हूक वर-खाली करून बघायचा, मगच भार.

डिओ (डीपीवरचा फ्यूज) उडून एक फेज गेला तर थ्री फेज मोटर नुसती घुमते, उचलत नाही. कंडेन्सर टाकून दोन फेजवर पंप चालवायची सवय असते, विंचवर ते करू नका. कमी दाबाचंही तसंच. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. 415 चे 330 झाले तर जोर 63 टक्के उरतो, शिवाय इलेक्ट्रिक ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि पट्टा घासून तापतो. स्टार्टरवर व्होल्टमीटर लावा आणि 370 च्या खाली उचलणं थांबवा. 30 मिलीअँपचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग तर हवंच, चिखलात उभे असता. लाइन मध्येच गेली तर डोल लटकता सोडून जेवायला जाऊ नका. खालच्या माणसाला आधी शिडीनं वर घ्या.

गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू बाहेर येतो, आणि बंद पडलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असतो. दिवा सोडून बघतात. तो विझला तर उतरू नका, पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली असंही नाही, विषारी वायू दिव्याला कळत नाही. पाइप तळापर्यंत सोडून ब्लोअरनं हवा भरा आणि काम संपेपर्यंत चालू ठेवा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवायचं नाही. खालचा बेशुद्ध पडला तर त्याच्यामागं कुणी उतरायचं नाही, म्हणून तर हार्नेसचा दोर वर बांधलेला.

पंप काढताना पाइपातलं पाणी मोजा. 2 इंची पाइप मीटरला 2 लिटर धरतो. केबलला धरून ओढू नका. पाइप खोलायच्या आधी खालच्या तुकड्याला क्लॅम्प लावून तो काठावरच्या गर्डरवर बसवा.

राहिली खोडं. इथं भार पडत नाही, पण दोर तुटला तर सपकन मागं येतो आणि पाय तोडतो. आधी खोडाभोवती खोदून बाजूची मुळं कुऱ्हाडीनं तोडा. रुजलेलं खोड किती ताकद मागेल याचा अंदाजच येत नाही. विंच ज्या झाडाला बांधाल ते जिवंत आणि जाड हवं, बांधायचं बुंध्याशी आणि रुंद पट्ट्यानं. ओल्या काळ्या मातीत सब्बल ठोकून विंच थांबत नाही. दोराच्या मध्यावर ओलं जड पोतं टाका, तुटला तर झटका थोडा मरतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी नको, आणि दोर कप्पीवरून वळवला असेल तर त्या कोनाच्या आतल्या बाजूला तर मुळीच नको. दोर ओलांडायचा नाही. ड्रमवर दोराचे थर वाढले की विंचचा जोर कमी होत जातो, म्हणून खोड हलेना तर बराचसा दोर सोडून पहिल्या-दुसऱ्या थरावर ओढा, किंवा खोडाला कप्पी लावून दोराचं टोक परत झाडाशी आणा. ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा. अशा वेळी झाडाचा पट्टा, खोडाची कप्पी आणि तिचा शॅकल (जोडायची लोखंडी कडी) त्या दुप्पट ओढीच्या हिशोबाचे हवेत. इथं वापरलेला दोर पुन्हा विहिरीवर लावू नका, दोन दोर वेगळे ठेवा.

इशारा देणारा माणूस एकच ठेवा, काठावर, ज्याला खालचा गडी आणि बटणवाला दोघंही दिसतात. "थांब" मात्र कुणीही ओरडलं तरी थांबायचं.

मोटरची प्लेट, गिअरबॉक्सवरचा आकडा आणि मागच्या शाफ्टचा फोटो इथं टाका. कोणत्या मापाचा ब्रेक बसेल ते बघून सांगतो.