आवडता चित्रपट पुन्हा बघताना तुम्हाला कोणत्या गोष्टी नव्याने दिसल्या? त्या पहिल्यांदा का दिसल्या नव्हत्या?

माझ्यासाठी तो चित्रपट म्हणजे एम. नाइट श्यामलनचा १९९९ सालचा ‘द सिक्स्थ सेन्स’. तुम्ही तो पाहिला नसेल तर कृपया इथेच थांबा आणि आधी चित्रपट बघा. पुढे मी त्याचा शेवट सांगणार आहे.

पाहिला असेल, तर रेस्टॉरंटमधला प्रसंग आठवून बघा. लग्नाचा वाढदिवस आहे. मॅल्कम (ब्रूस विलिस) उशिरा पोचतो, बायकोसमोर बसतो, माफी मागतो आणि कोल नावाच्या आपल्या लहानग्या पेशंटबद्दल बोलत राहतो. ती गप्प. बिल येतं. तो हात पुढे करतो, पण त्याच्या आधी ती ते उचलते. ‘हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी’ एवढंच म्हणते आणि निघून जाते. पहिल्यांदा बघताना मला तिचा चक्क राग आला होता. एवढं समजावतोय बिचारा, एक शब्द तरी बोल की बाई!

दुसऱ्या वेळी मला शेवट माहीत होता: मॅल्कम पहिल्याच रात्री गोळी लागून मेलेला असतो आणि मेलेली माणसं दिसणाऱ्या कोललाच तो दिसतो. म्हणून मी ठरवून त्याच्याकडे बघितलंच नाही. आवाज बंद केला आणि फक्त तिच्याकडे बघत राहिले. समोर दिसली ती नवरा गेलेली एक बाई, लग्नाच्या वाढदिवशी एकटीच जेवायला आलेली. बिल ती कुणाच्या हातातून ओढून घेत नाही, कारण तिच्या लेखी तिथे दुसरा हातच नाही. मॅल्कमने बसताना खुर्ची हलवलेलीसुद्धा नसते. आणि जे दोन शब्द मला टोमणा वाटले होते, ते तिने रिकाम्या खुर्चीसमोर म्हटलेले असतात. बायकोचं काम करणाऱ्या ऑलिव्हिया विल्यम्सने हे इतकं सांभाळून केलंय की दोन्ही अर्थ त्याच चेहऱ्यावर बसतात. मला रडू आवरेना. ज्या बाईवर मी चिडले होते, तिचंच दुःख मी आधी पाहिलं नव्हतं.

लाल रंगाबद्दल तुम्ही वाचलं असेलच: तळघराच्या दाराची मूठ, वाढदिवसाच्या पार्टीतला फुगा, एका मुलीच्या अंत्यविधीनंतर तिच्या आईच्या अंगावरचा लाल ड्रेस. मेलेल्यांचं जग जिवंतांना जिथे भिडतं, तिथे हा रंग येतो. मॅल्कमचे कपडेही त्या पहिल्या रात्रीचेच, फक्त कधी कोट चढवलेला, कधी उतरवलेला. हे सगळं शोधायला मजा येते. ‘टॉय स्टोरी’त सिडच्या घरातला गालिचा ‘द शायनिंग’मधल्या हॉटेलच्या गालिच्यासारखा आहे हे कळल्यावर येते, तशीच. पण त्याने कथा बदलत नाही. रेस्टॉरंटच्या प्रसंगाने माझ्यासाठी ती बदलली.

मग हे आधी का दिसलं नाही? माझ्या मते, मधल्या जागा आपणच भरतो म्हणून. कोल शाळेतून घरी येतो तेव्हा त्याची आई आणि मॅल्कम समोरासमोर बसलेले असतात. दोघं बोलताना एकदाही दाखवलेले नाहीत, तरी ‘आत्ताच बोलणं संपलं असेल’ असं आपण धरून चालतो. तळघराचंही तेच. मॅल्कम दाराची मूठ फिरवून बघतो, खिसे चाचपतो आणि पुढच्या दृश्यात तो खाली बसलेला असतो. दार उघडताना कुणी पाहिलं? शेवटी त्याच दारासमोर पुस्तकं रचलेलं टेबल दिसतं, तेव्हा कुठे आपण दचकतो.

शिवाय पहिल्या वेळी ‘पुढे काय होणार’ याच्यामागे सगळं लक्ष लागलेलं असतं. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ मधल्या प्रयोगात लोकांना बॉलचे पास मोजायला सांगितले होते. मधून गोरिलाच्या वेशातली व्यक्ती चालत गेली, छातीही बडवून गेली, तरी जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! नजर तिथेच होती, लक्ष मोजण्यात होतं.

म्हणून पुन्हा बघताना जो बोलत नाहीये त्याच्याकडे बघा. मी आता तिसऱ्यांदा बघतेय, ते फक्त मॅल्कमच्या बायकोसाठी. ती रात्री लग्नाची व्हिडिओ टेप लावून झोपते. आधी मला वाटायचं, नवरा कामात बुडालाय म्हणून ही जुन्या दिवसांत रमते. आता ती टेप सुरू झाली की मी पटकन टीव्हीचा आवाज वाढवते.